भीती थंडीची नको, शून्य अंशाची धरा

वाचकांचे पत्र (थोडे संक्षिप्त करून): माझे वय ४९ आहे. दीड वर्षाची असताना उजव्या पायाला पोलिओ झाला. मिरजेला तीन शस्त्रक्रिया झाल्या आणि तेव्हापासून मी कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) आणि एका कुबडीवर चालते. सांगलीत वीस वर्षे नोकरी केली, एसटीने प्रवास केला, कोणावर अवलंबून राहिले नाही. दोन वर्षांपूर्वी यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही कायमचे कॅनडात ओटावाला आलो. गेल्या फेब्रुवारीत आमच्या भाड्याच्या इमारतीच्या वाहनतळावर घसरून मनगटाचे हाड मोडले आणि त्यानंतर एप्रिल संपेपर्यंत मी एकटी दाराबाहेर पडले नाही. यजमान काळजीपोटी म्हणतात, "कशाला जायचे बाहेर? जे हवे ते मी आणतो." माझ्या कार्यालयात आठवड्यातून तीन दिवस प्रत्यक्ष यावे लागते. मुलाने हिवाळ्यापुरती चाकाची खुर्ची घेऊ या असे सुचवले, त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मला चालते करण्यासाठी आईने काय सोसले ते मला ठाऊक आहे. ती दर रविवारी फोनवर विचारते, "बाहेर जातेस ना गं?" आणि मी हो म्हणते. आता पुन्हा ऑक्टोबर आला आहे. दर वर्षी पाच-सहा महिने घरातच काढायचे, हे मी मान्य करावे का?
— एक भगिनी, ओटावा

प्रिय भगिनी,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: मान्य करू नका. मात्र जिद्दीने बाहेर पडा, असेही मी सांगणार नाही, कारण जिद्द तुमच्याकडे पुरेशी आहे आणि बर्फावर जिद्दीचा फारसा उपयोग होत नाही. मलाही लहानपणी पोलिओ झाला, मी दोन कुबड्यांवर चालते आणि इथल्या ऑन्टारिओ प्रांतातले तिसाहून अधिक हिवाळे पाहिले आहेत. पहिल्या तीन हिवाळ्यांत मी पाच वेळा पडले, आणि पाचही वेळा कारण एकच होते: सांगली-सोलापूरकडच्या रस्त्यांवर शिकलेली चाल मी इथे जशीच्या तशी वापरत होते.

आपल्या भाषेची एक अडचण इथे आडवी येते. आकाशातून पडते तेही बर्फ आणि गोळेवाल्याच्या गाडीवर असते तेही बर्फ, असे आपण बोलतो. काठी-कुबडी घेऊन चालणाऱ्याने मात्र या दोन वस्तू मनात अगदी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पडलेले भुसभुशीत हिम ही त्रासाची गोष्ट आहे, तर त्याच्याखाली किंवा त्याच्याशिवाय जमलेला काचेसारखा बर्फ ही धोक्याची गोष्ट आहे. उणे १५ अंशांच्या कोरड्या, उन्हाच्या सकाळी तुडवलेले हिम पावलाखाली करकर वाजते. तो आवाज येत असेल तर कुबडीला बऱ्यापैकी पकड मिळते. याउलट पारा उणे दोन ते अधिक दोन यांच्यामध्ये हिंदकळत असतो, तेव्हा दुपारी वितळलेले पाणी संध्याकाळी पदपथावर गोठते, रस्त्याच्या रंगातच मिसळून जाते आणि डोळ्यांना दिसत नाही. तुम्ही पडलात तो दिवस आठवून पाहा. तुम्ही पत्रात लिहिलेच आहे की त्या दिवशी "थंडी जरा कमी होती म्हणून" तुम्ही निघालात. इथल्या धडधाकट माणसांना थोडी ऊब आली की बरे वाटते. आपण मात्र त्याच दिवशी सावध व्हावे.

ओटावाच्या खोऱ्यात याला आणखी एक भर पडते, ती गोठणाऱ्या पावसाची. वर उबदार हवा आणि जमिनीलगत दरीत साठलेली गार हवा अशी रचना झाली की पावसाचे थेंब जमिनीला टेकताक्षणी गोठतात. जानेवारी १९९८ मध्ये ५ ते १० तारखांच्या दरम्यान ओटावापासून माँट्रियलपर्यंत असाच पाऊस पडला आणि विजेचे पोलादी मनोरे वाकून कोसळले. मी तेव्हा सातव्या मजल्यावर राहत होते. चार दिवस लिफ्ट बंद होती. त्या दिवसांपासून माझ्या घरात डिसेंबर ते मार्च आठवडाभर पुरेल इतके धान्य, औषधे आणि बॅटऱ्या असतात, आणि गोठणाऱ्या पावसाचा इशारा आला की मी घरी राहते. त्याबद्दल मला कोणतीही खंत वाटत नाही. असे दिवस हिवाळ्यात मोजकेच असतात. तुम्ही त्या मोजक्या दिवसांसाठी अख्खे पाच महिने देऊन टाकता आहात, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता साधनांविषयी. "पेंग्विनसारखे चाला" हा सल्ला तुम्हाला इथे प्रत्येक जण देईल. पेंग्विनच्या पायात कॅलिपर नसतो, तेव्हा तो सल्ला हसून सोडून द्यावा. कुबडीच्या टोकाला बसवायचा काट्यांचा पंजा मिळतो. तो बाहेर खाली पाडायचा आणि दारात आल्यावर वर दुमडायचा असतो. हे दुमडणे विसरू नका, कारण फरशीवर लोखंडी काटे बर्फाइतकेच घसरतात. मूळ रबर झिजले असेल तर ते नोव्हेंबरपूर्वी बदला. आणि एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात: आपल्यासारख्यांचे बरेचसे पडणे बाहेर होत नाही, ते इमारतीच्या आत पहिल्या चार पावलांत होते. रबरावर चिकटलेले हिम वितळते, फरशी ओली होते आणि कुबडी सुटते. मी कोटाच्या खिशात एक जुना पंचाचा तुकडा ठेवते आणि दारातल्या पायपुसण्यावर उभी राहून दोन्ही कुबड्यांची टोके पुसते. मागचे लोक खोळंबतात, खोळंबू द्यावेत.

तुमचा कॅलिपर कोणत्या प्रकारचा आहे ते तुम्ही लिहिलेले नाही. तो मिरजेकडच्या जुन्या पद्धतीचा, म्हणजे लोखंडी पट्ट्या बुटाच्या टाचेतच बसवलेला असेल, तर तुमची खरी अडचण तीच आहे, कारण त्या बुटाऐवजी हिवाळ्याचा बूट घालण्याची सोयच उरत नाही. इथे पायाच्या मापाचा प्लास्टिकचा साचा करून तो बुटाच्या आत घालण्याची पद्धत आहे. मग एक-दीड माप मोठा, पुढेपर्यंत चेन उघडणारा बूट घेता येतो. हे काम ऑर्थोटिस्ट, म्हणजे असे आधार बनवणारा तज्ज्ञ, करतो. ऑन्टारिओ सरकारच्या सहाय्यक उपकरण योजनेतून मान्य किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत वाटा मिळतो, आणि तुम्ही कायमच्या रहिवासी असून आरोग्यपत्रिका तुमच्याकडे आहे, म्हणून तुम्हाला अर्ज करता येईल. एक पाय आखूड असल्यामुळे तळ जाड केलेला असेल तर त्या वाढवलेल्या तळाला खालून पकडीचे रबर लावून द्या, असे मुद्दाम सांगा. जोडलेला तळ गुळगुळीत ठेवला जातो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

बूट निवडताना दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. टोरंटोच्या पुनर्वसन संस्थेत बर्फाची खोली आहे. तिची फरशी तिरपी करत नेतात आणि माणूस कोणत्या कोनाला घसरू लागतो ते मोजतात. ७ अंशांच्या उतारावर टिकणाऱ्या बुटाला तिथे एक हिमकण मिळतो, त्याहून चांगल्यांना दोन किंवा तीन. २०१६ मध्ये त्यांनी पहिल्यांदा निकाल जाहीर केले तेव्हा तपासलेल्या ९८ प्रकारांपैकी जेमतेम आठ टक्के बूट या पहिल्या पायरीवर टिकले होते, आणि दुकानात ते सगळे हिवाळ्याचे बूट म्हणूनच विकले जात होते. ही यादी सर्वांना पाहायला खुली आहे. बुटावर ओढून घालायच्या काटेरी जाळ्यांची मी तुम्हाला शिफारस करणार नाही. त्या वाकून चढवाव्या आणि काढाव्या लागतात, आणि कॅलिपर लावलेल्या माणसाला ती कसरत दारात उभ्याने जमत नाही.

कॅलिपरच्या, गुडघा ताठ धरून ठेवणाऱ्या लॉककडेही लक्ष असू द्या. कडी खाली पडून बसते तिथे हिम शिरले आणि गोठले की कडी अर्ध्यावर अडकते. लॉक लागले असे वाटते आणि गुडघा दुमडतो. गाडीतून उतरून वजन टाकण्यापूर्वी हाताने चाचपून पाहण्याची सवय लावा. रस्त्यावरच्या मिठाने लोखंड गंजते, म्हणून रात्री सांधे कोरड्या फडक्याने पुसून थेंबभर तेल द्यावे.

पोलिओच्या पायाला थंडी जास्त लागते हा तुमच्या मनाचा खेळ नाही. स्नायू बारीक असल्यामुळे रक्त वर ढकलले जात नाही, पाय निळसर आणि गार पडतो, आणि गार स्नायूत असलेली थोडी ताकदही कमी होते. म्हणून पाय गार पडल्यावर गरम करण्यापेक्षा निघण्यापूर्वीच ऊबदार करावा: लोकरीचा मोजा आधी रेडिएटरवर ठेवा, त्यावर सुरकुती न पडणारी पातळ विजार, मग कॅलिपर. सुरकुती पट्ट्याखाली आली की जखम होते आणि ती भरायला हिवाळा पुरत नाही. आपल्या पोलिओच्या पायाला जाणीव असते, त्यामुळे तो दुखून सांगतो. मणक्याच्या दुखापतीमुळे ज्यांच्या पायांना जाणीवच नाही त्यांनी गरम पाण्याच्या पिशवीपासून दूरच राहावे. वाऱ्यासह जाणवणारे तापमान उणे २८ च्या खाली असेल तर उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, आणि आपण चार पावले टाकण्यात इतरांपेक्षा दुप्पट वेळ घेतो, हा हिशेब बस थांब्याचे अंतर ठरवताना धरावा.

थकव्याबाबतही एक वैद्यकीय सूचना करते. हिवाळ्यात आलेली अशक्तता उन्हाळ्यातही उतरली नसेल, चांगल्या पायातही नवा कमजोरपणा वाटत असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की लहानपणी पोलिओ झाला होता. पंधरा किंवा अधिक वर्षे स्थिर राहिलेल्या रुग्णांत अशी नवी अशक्तता येते, तिला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. कॅनडा १९९४ मध्येच पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामुळे तुमच्या तरुण डॉक्टरांनी पोलिओचा रुग्ण कधी पाहिलाच नसेल हे शक्य आहे. त्यांना तुम्हीच शिकवावे लागेल. मार्च ऑफ डाइम्स या इथल्या जुन्या संस्थेचे पोलिओग्रस्तांसाठी आधारगट चालतात. तिथे निदान सगळे सुरुवातीपासून समजावून सांगावे लागत नाही.

तुमच्या पत्रातला सर्वांत जड परिच्छेद खुर्चीचा आहे, आणि त्यावर मला थोडे थांबायचे आहे. आपल्या पिढीच्या पोलिओग्रस्त मुलींना चालते करणे हे घरातल्या सगळ्यांचे व्रत असे. शस्त्रक्रियेसाठी दागिने मोडले गेले, आईने पाठीवरून शाळेत नेले, आणि "आमची मुलगी चालते" हे वाक्य पाहुण्यांसमोर अभिमानाने उच्चारले गेले. त्यामुळे खुर्चीत बसणे म्हणजे त्या सगळ्या कष्टांचा हिशेब उलटा फिरवणे, असे आपल्याला वाटते. मी स्वतः पंचावन्नाव्या वर्षापर्यंत खुर्चीला हात लावला नाही. त्या हट्टापायी माझे दोन्ही खांदे गेले. आज डोक्यावरच्या फडताळातला डबाही मला काढता येत नाही. तुमच्या आईने तुम्हाला चालवले ते तुम्ही शाळेत, नोकरीवर, जगात पोहोचावे म्हणून. चालणे हे त्यासाठीचे वाहन होते. सांगलीत तुम्ही एसटीने जात होतात, तेव्हा आईचे कष्ट वाया गेले असे तुम्हाला वाटले नव्हते.

तरीही मुलाची सूचना मी जशीच्या तशी उचलून धरणार नाही. हाताने ढकलायची साधी खुर्ची ताज्या हिमात कुचकामी असते. पुढची लहान चाके रुततात, आणि चाकांच्या ओल्या धातूच्या कड्या धरून हात गोठतात. बॅटरीची खुर्ची थंडीत निम्म्या अंतरातही दम टाकू शकते. खुर्चीचा खरा उपयोग आत आहे: मॉल, रुग्णालय, विमानतळ, कार्यालयाची लांब मार्गिका. बाहेरच्या वीस पावलांसाठी कुबडी, आतल्या हजार पावलांसाठी चाके, अशी विभागणी केली तर पाय आणि खांदे दोन्ही एप्रिलपर्यंत पुरतात. सरकारी योजना घरातल्या रोजच्या गरजेसाठी खुर्ची देते. केवळ हिवाळ्यापुरती हवी असेल तर भाड्याने किंवा जुनी घ्यावी.

अपंगांना दारापासून दारापर्यंत नेण्यासाठी ओटावात पॅरा ट्रान्सपो ही सेवा आहे. "मी उन्हाळ्यात बसने जाते, मग मला कोण देणार?" असे तुम्ही लिहिले आहे. हा गैरसमज आहे. ऑन्टारिओच्या २००५ च्या अपंगांसाठीच्या सुलभता कायद्याखालील नियमांत पात्रतेचे तीन प्रकार आहेत, आणि त्यांपैकी सशर्त पात्रता ही नेमकी अशाच लोकांसाठी आहे, ज्यांना परिसरातील किंवा भौतिक अडथळ्यांमुळे नेहमीची बस सातत्याने वापरता येत नाही. हिम आणि बर्फ हे अडथळेच आहेत, आणि अर्जात तसे स्वच्छ शब्दांत लिहावे. पूर्ण भरलेल्या अर्जावर १४ दिवसांत निर्णय झाला नाही तर तोवर तात्पुरती पात्रता धरली जाते, अर्जाला शुल्क नसते आणि मदतीला सोबत आलेल्या व्यक्तीचे तिकीट लागत नाही. गाडी उशिरा येते, फोनवर ताटकळावे लागते, हे सगळे खरे आहे. आरक्षण करून थर्मास आणि पुस्तक घेऊन काचेच्या आत बसावे.

कार्यालयाकडे मागणी लेखी करा. ऑन्टारिओच्या मानवी हक्क संहितेनुसार अपंग कर्मचाऱ्याची सोय करणे ही नोकरी देणाऱ्याची जबाबदारी आहे, ती अवाजवी जाचक ठरेपर्यंत. डॉक्टरांच्या पत्रात निदानाचा इतिहास देण्याची गरज नसते. गोठणाऱ्या पावसाच्या आणि वितळण-गोठण्याच्या दिवसांत सुरक्षितपणे चालता येत नाही, म्हणून त्या दिवशी घरून काम करू द्यावे, इतके पुरते. पूर्ण हिवाळा घरून काम मागू नका, असे मी सुचवीन. ते मिळेलही, पण मग तुम्ही पुन्हा त्याच चार भिंतींत याल.

वाहनतळाची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याला आताच, पहिले हिम पडण्यापूर्वी, पत्र द्या. कुठे पाणी साचते, कोणत्या दारातून तुम्ही जाता, तिथे मीठ आणि खडी कधी टाकली जाईल, हे विचारा. केवळ मीठ चालणार नाही हेही लिहा, कारण उणे दहाच्या खाली साध्या मिठाचा प्रभाव झपाट्याने कमी होतो आणि उणे वीसला ते नुसते पडून राहते; तिथे खडी किंवा वाळूच पकड देते. नगरपालिका वस्तीतल्या पदपथांवर हिम पूर्ण काढत नाही, दाबून ठेवते. काळी फरशी दिसेल अशी अपेक्षा तिथे धरू नका. पदपथ उतरतो तिथे हिम बाजूला सारणाऱ्या नांगराच्या गाडीने बर्फाचा बांध घातला असेल तर नगरपालिकेच्या ३११ या क्रमांकावर फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. शहरात ठिकठिकाणी खडीच्या पिवळ्या पेट्या असतात, त्यांतून नागरिकांनी खडी घेऊन पसरावी अशी सोय आहे. हे काम यजमानांना आणि मुलाला द्या, त्यांनाही काळजी करण्यापेक्षा काहीतरी करायला मिळेल. पुन्हा कधी पडलात, आणि पडू नये हीच इच्छा, तर जागेचे छायाचित्र लगेच घ्या: पडणे नगरपालिकेच्या पदपथावर असेल तर १० दिवसांत आणि खासगी जागेत असेल तर ६० दिवसांत लेखी सूचना द्यावी लागते. गेल्या वेळी हे तुम्हाला कोणी सांगितले नाही, याचे मला वाईट वाटते.

यजमानांना काय सांगायचे? त्यांचा हेतू चांगला आहे, म्हणून वाद घालू नका. त्यांना अंशांचा तक्ता दाखवा. करकर वाजणाऱ्या हिमाच्या दिवशी तुम्ही जाल, शून्याच्या आसपास गाडी दाराला लागेल तेव्हाच जाल, गोठणाऱ्या पावसात जाणार नाही. आज ते दर दिवशी नाही म्हणतात, कारण सगळे दिवस त्यांना सारखेच भीतीदायक दिसतात. जाताना फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. बाहेरच्या खिशात थंडीने त्याची बॅटरी मरते.

तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुम्ही गेला नाहीत आणि कोणी विचारलेही नाही. जानेवारीच्या मध्यावर, वर्षातल्या सर्वांत थंड दिवसांत, आपली मंडळे एखाद्या शाळेचे सभागृह घेतात, गाड्या लांब लावायला सांगतात आणि बूट दारात काढायला लावतात. कॅलिपरचा बूट दारात काढता येत नाही, हे त्यांच्या ध्यानातही येत नसावे. यंदा डिसेंबरातच कार्यकारिणीला तीन गोष्टी कळवा: दारापर्यंत गाडी, बूट घालून आत येण्याची मुभा, आणि भिंतीलगत हात असलेली एक खुर्ची. कार्यकारिणीतले कोणी हे सदर वाचत असेल, तर त्यांनी ताईंच्या पत्राची वाट पाहू नये.

पॅरा ट्रान्सपोच्या अर्जात एक भाग आरोग्य व्यावसायिकाने भरायचा असतो आणि त्या भेटीसाठीच आठवडे जातात, म्हणून तो फोन याच आठवड्यात करावा. घरमालकाला आणि कार्यालयाला द्यायच्या पत्रांचे कच्चे मसुदे मराठीत लिहून पाठवलेत तरी चालतील. मी इंग्रजी करून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत परत पाठवीन.